आवडीची वाइन कशी सापडते : एक प्रस्तावना

वाइनविषयी जगात जे विपुल लेखन झाले आहे, ते बव्हंशी वाइनचे वर्णन करते. ती कोणत्या प्रदेशातील, कोणत्या द्राक्षाची, कोणत्या वर्षाची आणि जाणकारांच्या मते किती गुणांची, हे त्यातून कळते, पण अधूनमधून पेलाभर वाइन घेणाऱ्या सामान्य माणसाला कोणती वाइन आवडेल आणि ती त्याने शोधावी कशी, या साध्या प्रश्नापाशी ते लेखन फारसे थांबत नाही. प्रस्तुत पुस्तक त्या प्रश्नापुरतेच आहे. त्याचा अपेक्षित वाचक संग्राहक नाही आणि व्यावसायिक चाखणाराही नाही. तो दुकानातल्या फळीपुढे घोटाळतो, अखेर मागच्या वेळची किंवा मधल्या किमतीची बाटली उचलतो, आणि ती रुचली नाही तर दोष बाटलीचा की आपल्या जिभेचा हे त्याला ठरवता येत नाही. आवड ही तुलनेतून घडते आणि तुलनेतूनच कळते, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एक याप्रमाणे सुट्या बाटल्या पिऊन कितीही वर्षे काढली तरी अशी तुलना होत नाही, कारण चवीची स्मृती तेवढा काळ टिकत नाही.

हा प्रश्न पडावा इतक्या प्रकारची वाइन महाराष्ट्रात मिळू लागली, त्यालाही फार काळ लोटलेला नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसणारी वाइन करण्यास प्रारंभ केला आणि ती परदेशांत ‘ओमर खय्याम’ या नावाने गेली. कर्नाटकात कंवल ग्रोव्हर यांनी नंदी हिल्सच्या परिसरात फ्रेंच वाण लावले. आणि राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला शेनिन ब्लाँ व सॉव्हिन्यॉन ब्लाँ या पांढऱ्या वाणांची लागवड करून २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आणली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, पुढे अकलूजकडे इटालियन भागीदारीतून ‘फ्रातेली’ आणि दिंडोरीत फ्रेंच कंपनीची ‘शाँदाँ’ आली. तत्पूर्वीच्या मराठी मध्यमवर्गाची वाइनशी ओळख मात्र बहुधा गोव्याहून परतताना आणलेल्या ‘पोर्ट’च्या बाटलीतून झालेली असे. मूळ पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील वाइन असून रस आंबत असतानाच तीत द्राक्षाचे मद्यार्क मिसळतात, त्यामुळे आंबण्याची क्रिया मध्येच थांबते आणि न आंबलेली साखर तशीच उरते. गोव्यातील बाटलीने त्या वाइनचे नाव आणि गोडवा तेवढा घेतला. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्यामुळे वाइन म्हणजे गोड, लाल आणि पाहुण्यांसमोर छोट्या ग्लासातून ठेवायची वस्तू अशी समजूत रुजली, आणि त्या समजुतीने वाढलेल्या माणसाच्या हाती पुढे कधी साखरविरहित कॅबर्ने सॉव्हिन्यॉन पडली की पहिल्याच घोटाला ‘आपल्याला वाइन काही आवडत नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा असतो, कारण तो एका वाइनविषयी असतो आणि लावला जातो सगळ्या वाइनना.

असा निकाल टाळायचा तर तोंडात जे एकत्र जाणवते ते वेगळे करता आले पाहिजे. त्यातला पहिला घटक साखर. द्राक्षाच्या रसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड होते; ही क्रिया शेवटपर्यंत गेली म्हणजे जी वाइन उरते तिला ‘ड्राय’ म्हणतात, आणि युरोपीय नियमांनुसार अशा वाइनमध्ये साधारणतः लिटरला चार ग्रॅमपर्यंतच साखर असते. नवख्याचा घोटाळा होतो तो वासामुळे. पेल्याला पेरूचा किंवा पिकलेल्या अननसाचा वास आला की ती वाइन गोड लागते असे तो म्हणतो, जरी तीत साखर नसल्यातच जमा असली तरी. नाक बंद धरून घोट घेतला की हा भास क्षणात ओसरतो. फसफसणाऱ्या वाइनच्या बाबतीत तर लेबलेच दिशाभूल करतात, कारण त्या परिभाषेत ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा अधिक गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला बारा ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये सतरा ग्रॅमपर्यंत, आणि ‘डेमी सेक’ हे शब्द दिसले तर बत्तीस ग्रॅमच्या वर. ही नावे ठेवणाऱ्यांनी ग्राहकाचा विचार केला होता असे म्हणवत नाही.

दुसरा घटक आंबटपणा. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना आणि गालांच्या आतल्या बाजूला लाळ सुटते ती आम्लामुळे, आणि ती जितकी जास्त सुटेल तितकी वाइन तरतरीत वाटते. आम्ल कमी पडले की तीच वाइन मठ्ठ लागते. शेनिन ब्लाँ हे फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातले द्राक्ष नाशिकला मानवले, याचे एक कारण त्याचे आम्ल उन्हातही बऱ्यापैकी टिकते हे आहे. शिवाय अनेक वाइनरी त्यात थोडी साखर शिल्लक ठेवतात, त्यामुळे आंबट आणि गोड यांची जी जोडी पन्ह्याने आधीच परिचित केलेली आहे, ती येथेही भेटते.

तिसरा घटक टॅनिन. भारतातील नवख्या पिणाऱ्यांच्या तक्रारी सर्वांत अधिक याच्याविषयी असतात आणि याची समजूतही सर्वांत कमी असते, म्हणून त्याच्यापाशी थोडे अधिक थांबले पाहिजे. टॅनिन ही द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असणारी, काही प्रमाणात ओक लाकडाच्या पिंपांतूनही उतरणारी द्रव्ये होत. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस आधीच वेगळा काढतात. लाल वाइनसाठी रस साली-बियांसकट आंबवतात आणि रंगाबरोबर टॅनिनही रसात उतरते. रोझे वाइनमध्ये हा सहवास काही तासांपुरताच असतो. कॅबर्नेचा लहान घोट तोंडात थोडा वेळ घोळवून गिळावा आणि लगेच जिभेचे टोक वरच्या दातांच्या हिरडीवरून फिरवून पाहावे. एरवी गुळगुळीत लागणारी हिरडी खरखरीत लागते, ओठ दातांना चिकटल्यासारखे होतात, कारण लाळेतली जी प्रथिने तोंडाला वंगण पुरवतात त्यांनाच टॅनिन बांधून टाकते. कच्चे केळे, अर्धकच्चे जांभूळ, आवळा, सुपारी यांनी होणारा तुरटपणा तो हाच. कोऱ्या चहात जो तुरटपणा असतो तो दूध घातल्यावर उतरतो, कारण टॅनिनला बांधण्यासाठी तेथे दुधाची प्रथिने मिळतात. कॅबर्नेबरोबर चीजचा तुकडा खाल्ला की ती एकाएकी मऊ लागते, त्यामागे बरेचसे हेच कारण आहे.

हा तुरटपणा, जिभेच्या मागच्या बाजूला उशिरा येणारा कडूपणा आणि घशाशी अल्कोहोलमुळे होणारी जळजळ, या तीन निरनिराळ्या संवेदना आहेत, परंतु सामान्य बोलण्यात तिन्ही ‘कडक’ या एकाच विशेषणाखाली जातात आणि दुकानदाराला ‘कडक नको’ एवढेच सांगितले जाते. त्याने मग नेमके काय द्यावे? ज्याला तुरटपणा नको आहे त्याला पांढरी किंवा रोझे वाइन द्यायला हवी, निदान कमी टॅनिनची लाल. ज्याला जळजळ नको आहे त्याला तेरा-साडेतेरा टक्क्यांऐवजी अकरा-बारा टक्के अल्कोहोल असलेली कोणतीही चालेल, अगदी लालसुद्धा. तक्रार नीट सांगता आली की अर्धे काम होते. चौथा घटक ‘बॉडी’, म्हणजे घोटाचा तोंडात जाणवणारा दाटपणा. तो मुख्यतः अल्कोहोलवर आणि काही अंशी साखर, टॅनिन व विरघळलेल्या इतर द्रव्यांवर अवलंबून असतो, आणि त्याविषयी येथे अधिक सांगण्यासारखे नाही.

वासाचा विषय मात्र विस्ताराचा आहे, कारण ज्याला लोक वाइनची चव म्हणतात तिचा मोठा भाग नाकाचा असतो. या क्षेत्रात नवख्याला सर्वाधिक न्यूनगंड येतो. पुस्तकात गूसबेरी, ब्लॅककरंट, व्हायोलेट अशी विशेषणे वाचून, त्यांतले एकही फळ वा फूल न हुंगलेला वाचक आपले नाकच अपुरे असावे असे समजतो. वास्तविक वासांमागे निश्चित रसायने असतात. सॉव्हिन्यॉन ब्लाँमध्ये आणि कमी पिकलेल्या कॅबर्नेमध्ये ढोबळ्या मिरचीचा वास येतो तो पायराझीन गटातील द्रव्याचा, जे ढोबळ्या मिरचीतही असते आणि लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढे असले तरी नाकाला कळते. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो, कारण लवंगेतील युजेनॉल ओकमध्येही असते. त्याच लाकडातून खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वासही उतरतो. शिराझला येणारा मिऱ्याचा वास रोटुंडोन या द्रव्याचा असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले आणि खऱ्या मिऱ्यातही तेच सापडले. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की सुमारे पाचांतील एका माणसाला हे द्रव्य, मात्रा वाढवली तरी, जाणवतच नाही. एकाच टेबलावर एकाच बाटलीतून शिराझ घेणारे दोघे जण तिच्याविषयी परस्परविरुद्ध बोलत असले, तर त्यांतला कोणीही चुकत नसण्याची शक्यता आहे. तुरटपणाचेही तसेच, लाळेचे प्रमाण आणि घटक माणसागणिक बदलतात. म्हणून दुसऱ्याच्या वर्णनावरून आपली वाइन ठरवण्याला शरीरशास्त्रीय मर्यादा आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचे जे चक्र तयार केले, त्यातील पद्धत घेण्याजोगी आहे, शब्द नव्हेत. प्रत्येक वासासाठी प्रत्यक्ष हुंगता येईल असा नमुना ठेवायचा, ही ती पद्धत. मराठी वाचकाने आपले नमुने पेरू, कैरी, करवंद, गवती चहा, जायफळ, भिजलेले गोणपाट यांतून निवडावेत. यांतले शेवटचे विशेष उपयोगी, कारण बूच दूषित झालेल्या बाटलीला जवळपास तसाच वास येतो आणि अशी बाटली नि:संकोच परत करावी.

नाशिकच्या वाइनचा स्वभाव समजण्यासाठी बागेकडेही पाहावे लागते. युरोपात हिवाळ्याच्या कडाक्याने वेल झोपी जातो, वर्षातून एकदा छाटला जातो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात काढणी होते. महाराष्ट्रात तो झोपत नाही, म्हणून बागायतदार त्याला दोनदा छाटतो: काढणीनंतर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यामुळे नव्या काड्या येतात व त्यांत फळाचे डोळे तयार होतात, आणि पावसाळा सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यानंतर घड लागतात. पावसाळ्यातले पीक अशा रीतीने टळते आणि द्राक्षे उघड्या, कोरड्या हिवाळ्यात पिकतात. मात्र फेब्रुवारी सरता सरता ऊन वाढते, साखर भराभर चढते, आम्ल उतरू लागते, आणि साली व बिया अजून पुरत्या पिकलेल्या नसतात. तोडणी लवकर केली तर वाइन हिरवट, उशिरा केली तर जड, या कात्रीत येथील प्रत्येक वाइनरी दरवर्षी सापडते. येथील पांढऱ्या वाइन लालपेक्षा सरासरीने अधिक जमून येतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्याचे कारण या कात्रीतच आहे. ग्राहकाला यातून एक व्यवहाराची गोष्ट मिळते. लेबलावरील साल म्हणजे द्राक्षे तोडल्याचे साल. जानेवारी ते मार्चमध्ये तोडलेल्या द्राक्षांची पांढरी किंवा रोझे वाइन बहुधा त्याच वर्षी विक्रीस येते आणि ती ताजेपणीच चांगली लागते, तेव्हा ‘जुनी तितकी उत्तम’ हे सूत्र तिला लावू नये, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली तर घेऊच नये.

आवड शोधण्याच्या वाटेत डोळे आणि पाकीट यांचा अडथळा मोठा असतो. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांवर केलेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. त्यांना आधी एक पांढरी व एक लाल वाइन देऊन वासांचे वर्णन करण्यास सांगितले गेले; नंतरच्या बैठकीत तीच पांढरी वाइन दोन पेल्यांत दिली, पण त्यांतल्या एका पेल्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. त्या पेल्याचे वर्णन विद्यार्थ्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. हे शिकलेले लोक होते. किमतीचा प्रभाव २००८ मध्ये कॅलिफोर्नियात तपासला गेला. एकच वाइन दहा डॉलरची म्हणून आणि नव्वद डॉलरची म्हणून दिली असता ती महाग असल्याचे सांगितले तेव्हा अधिक आवडली, आणि मेंदूच्या चित्रणात सुखाच्या अनुभवाशी निगडित भागही तेव्हा अधिक सक्रिय दिसला, म्हणजे पिणारे शिष्टाचार म्हणून खोटे बोलत नव्हते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक झाकल्या चाखण्यांच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की किंमत ठाऊक नसताना अप्रशिक्षित लोकांना महाग वाइन सरासरीने किंचित कमीच आवडते. महाग वाइन वाईट असते असा याचा अर्थ नाही. तिचे मोल ज्या गुणांसाठी असते, ते गुण नवख्याला हवे असतातच असे नाही.

यावरून या पुस्तकातील पद्धत ठरली आहे. एका वेळी दोनच वाइन, सारख्या आकाराच्या पेल्यांत, सारख्या तपमानाला, प्रत्येकी पन्नास मिलिलिटर. ओतणारी व्यक्ती वेगळी असावी आणि बाटल्या कागदात गुंडाळलेल्या असाव्यात. जोडी अशी निवडावी की दोहोंत मुख्य फरक एकाच घटकाचा राहील. किंचित गोड शेनिन ब्लाँसमोर ड्राय सॉव्हिन्यॉन ब्लाँ ठेवली तर साखरेचा आणि हिरवट वासाचा कौल मिळतो; पिंपात न मुरवलेल्या शार्डोनेसमोर मुरवलेली ठेवली तर ओकचा; शिराझसमोर कॅबर्ने ठेवली तर टॅनिनचा. नावे उघडण्यापूर्वी वहीत चार शब्द लिहावेत, त्यांत ‘छान’ आणि ‘बरी’ हे शब्द नसावेत, आणि कोणता पेला आधी रिकामा झाला हे मात्र अवश्य लिहावे. मताहून ही नोंद अधिक भरवशाची ठरते. दुसऱ्या दिवशी पेल्यांचा क्रम बदलून हेच करावे. तपमानाची काळजी येथे चैनीची नाही. लाल वाइन ‘खोलीच्या तपमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे. ती सोळा ते अठरा अंशांना प्यायची असते, आणि पुण्याच्या एप्रिलमधल्या खोलीत तीच वाइन नुसत्या अल्कोहोलची वाफ सोडते, म्हणून तिला आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे लागते. उलट पांढरी वाइन फ्रीजमधून काढताक्षणी इतकी गार असते की वास उमलत नाही. तिला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, तेव्हा ती त्याच रात्री संपवण्याची सक्ती कोणी स्वतःवर करून घेऊ नये.

जेवणाशी मेळ घालताना पाश्चात्त्य कोष्टकांचा उपयोग मर्यादित आहे, कारण त्या कोष्टकांत मिरची नाही. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि टॅनिन तीत भर घालते. थोडी साखर असलेली, गार, हलकी वाइन ती सुसह्य करते. चिंचेच्या किंवा आमसुलाच्या आमटीबरोबर कमी आम्लाची वाइन पाण्यासारखी लागते. माशाबरोबर लाल वाइन घेतल्यावर मागे जो उग्र हिंवस वास राहतो, त्याचा संबंध वाइनमधील लोहाशी असल्याचे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले आहे, तेव्हा सुरमईसोबत पांढरी घेण्याच्या रूढीला आधार आहे. पांढऱ्या रश्श्याला ओकमधील शार्डोने शोभते. तांबड्या रश्श्याला कोणतीच वाइन शोभत नाही, आणि त्या जेवणाला पाण्याचा तांब्याच बरा.

वाइन हे मद्य आहे, ही गोष्ट द्राक्षांच्या कौतुकात विसरली जाते. तेरा टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा एक पेला म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम अल्कोहोल, आणि ते कोणत्याही अन्य मद्यातील अल्कोहोलसारखेच शरीरावर परिणाम करते. हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करावी, असा सल्ला या पुस्तकात कोठेही सापडणार नाही. जो पीत नाही त्याने तिच्यासाठी प्यायला लागावे असे काही तिच्यात नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि तो दुकानातही मिळू शकतो. गोव्यात तशी अट नाही. पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील, परंतु टॅनिनचे प्रकरण आधी वाचावे, आणि ते उघडण्यापूर्वी शेनिन ब्लाँ व शिराझ यांची ३७५ मिलिलिटरची एकेक बाटली, चार सारखे पेले आणि एक कोरी वही जवळ असावी.